परवान्याशिवाय काम नाही

“बैठो साब,” एवढं बोलून नरसय्या गुत्तेदार पाठ फिरवून चुन्याच्या घाण्याकडे निघून गेला.

बाळकृष्णराव बसले आणि बसताक्षणी उजवीकडे कलले. बाकड्याचा एक पाय आखूड होता. कलण्याची ही तऱ्हा त्यांच्या ओळखीची होती. स्वतः ते कधी कलले नव्हते, पण समोरच्या माणसाला असं कलताना त्यांनी सारा जन्म पाहिला होता. त्यांनी वाकून खाली बघितलं. पायावर पांढऱ्या रंगात सरकारी नंबर होता. बांधकाम खात्याच्या परवाना शाखेबाहेरचं, गुत्तेदारांना, म्हणजे कंत्राटदारांना, ताटकळत ठेवायचं बाकडं ते हेच.

साल छप्पन्न. हैदराबाद राज्य मोडायला निघालं होतं. तेलंगण आंध्रात, मराठवाडा मुंबईत, कानडी जिल्हे म्हैसुरात, आणि त्याच मापानं कचेरीतलं सामानही. टेबलं मुंबईला गेली, त्यांचे खण म्हैसूरला. घड्याळ आंध्राच्या वाट्याला आलं आणि त्याची किल्ली कोणाच्या, याची चर्चा अजून चालू होती. आखूड पायाचं बाकडं मात्र तिघांनीही नाकारलं, म्हणून ते लिलावात निघालं. बोली लावायला नरसय्या एकटाच आला होता. तरी त्यानं स्वतःच्या बोलीवर स्वतःच दोनदा चढवली.

आता त्याच बाकड्यावर परवाना शाखेचे मुख्य कारकून बसले होते, आणि नरसय्याला घाई नव्हती.

बाळकृष्णरावांनी आयुष्यभर एकच वाक्य म्हटलं होतं: “परवान्याशिवाय काम नाही.” हे वाक्य म्हणताना मान वर करायची गरज नसते, हा शोध त्यांचाच. कोणाचा अर्ज समास अरुंद म्हणून परत गेला, कोणाचा शाई फार निळी म्हणून. लाच मात्र त्यांनी कधी घेतली नाही. त्यामुळे गुत्तेदारांचा त्यांच्यावर जास्तच राग होता. घेतली असती तर काम तरी झालं असतं.

त्यांच्यावर आता पाळी आली होती ती अशी. वाटणीत त्यांचं नाव मुंबईकडे लागलं, हजर व्हायचं औरंगाबादला. त्यांनी विनंतीअर्ज केला. त्यावर शेजारच्या टेबलावरचे हिम्मतराव म्हणाले, “नुस्त्या अर्जानं काय होतंय, बाळकृष्णराव? ज्याचं शहरात स्वतःचं छत आहे, त्याला हलवत नाहीत म्हणे. एक तारखेला बघायला माणूस येणार. पण छत पायजे हां. भिंती नक्को, छत!”

शहरातच नल्लकुंट्याला जागा घेऊन पडली होती. बाळकृष्णरावांनी घर बांधायला काढलं.

“माझ्या भावानं साध्या मेस्त्रीकडनं बांधून घेतलं,” बायको, कुसुमताई, म्हणाल्या. “पडलं का ते?”

“पडलं नाही हा त्याचा दोष नाही,” बाळकृष्णराव म्हणाले. “आपल्याला परवानेदार गुत्तेदार लागेल.”

“मग बघा लवकर. औरंगाबादला आपलं कोण आहे? माझी तर मावशीसुद्धा इथल्या कोठी बाजाराच्या पलीकडे गेली नाही कधी. तिथल्या बाजारात मी ‘हो’च्या जागी ‘हौ’ म्हटलं तर भाजीवाली फिदीफिदी हसेल.”

शहरातले सगळे परवानेदार गुत्तेदार त्यांना पत्त्यासकट पाठ होते. पहिल्यानं स्वतः दार उघडून सांगितलं की आपण घरी नाही. दुसऱ्यानं चहा मागवला, समोर बसून दोन्ही कप स्वतः प्याला आणि नमस्कार केला. तिसरा तोंडी काही ऐकेना. अर्ज लिहून आणा म्हणाला, आणि आणल्यावर शाई फार निळी आहे म्हणून परत केला. उरला नरसय्या.

ऊन कलल्यावर नरसय्या परत आला.

“घर बांधायचंय,” बाळकृष्णराव उभे राहत म्हणाले.

“बैठो, बैठो. मालूम आहे. सगळ्या शहराला मालूम आहे.”

“तुला मराठी चांगली येते.”

“तुमच्या ऑफिसच्या बाहेर बसून शिकलो, साब. दुसरं काम काय होतं?” नरसय्यानं विडी पेटवली. “बांधतो. पण नकाशात आहे तेवढंच. वर एक वीट नाही, खाली एक वीट नाही.”

“मला तेच हवंय,” बाळकृष्णराव म्हणाले, आणि दोघांनी एकमेकांकडे वैऱ्यासारखं पाहिलं.

काम सुरू झालं. बाळकृष्णराव ओळंबा घेऊन भिंतीमागून हिंडत. नरसय्या त्यांच्यामागून दुसरा ओळंबा घेऊन हिंडे, त्यांचा ओळंबा सरळ आहे का ते बघायला. नकाशात ते मोरीची खिडकी काढायला विसरले होते. मोरी बिनखिडकीची उभी राहिली. “अरे, खिडकी?” “नकाशात दाखवा.” मग स्वयंपाकघराच्या एका भिंतीत गुंजभर बाक दिसला म्हणून बाळकृष्णरावांनी ती पाडायला लावली. नरसय्यानं निमूट पाडली आणि राडारोडा नेमका त्यांच्या सायकलीवर टाकला. कुसुमताई डबा घेऊन यायच्या आणि दोघांनाही न विचारता जायच्या.

तरी भिंती चढल्या, दार बसलं, गर्डर टाकून झाले. राहिल्या होत्या त्यावरच्या शहाबादी फरश्या, म्हणजेच छत. एका दिवसाचं काम.

ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी सकाळी बाळकृष्णराव कुसुमताईंना घेऊन नल्लकुंट्याला पोचले, तेव्हा मेस्त्री आणि मजूर फरश्यांच्या थप्पीवर पाय सोडून बसले होते. दारासमोर ते बाकडं. नरसय्यानं ते मुद्दाम गाडीवर घालून आणलं होतं आणि त्यावर तो स्वतः कलून बसला होता.

“काम का बंद?”

“परवाना संपला, साब.”

बाळकृष्णरावांना आठवलं. राज्य आज रात्री संपणार, म्हणून सगळे परवाने आज रात्री संपावेत, असं साहेबांचं मत होतं. पण शेवटच्या दिवशी शाखेला हिशेब बंद करायला मोकळीक हवी, म्हणून ते काल संध्याकाळीच संपवावेत, अशी टिप्पणी कोणी लिहिली होती? एवढी बारीक गोष्ट संबंध कचेरीत एकाच माणसाला सुचू शकत होती. साहेबांनी तेव्हा कौतुकही केलं होतं. दुसऱ्यांच्या परवान्याला लावलेली तारीख आपल्या छताला लागेल, हे मात्र त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं.

“वाढवून द्या,” नरसय्या म्हणाला. “तुमच्याच हातात आहे.”

“शिक्का म्हैसूरच्या पेटीत गेला.”

“सही?”

“सहीचे साहेब मुंबईच्या पेटीत… म्हणजे मुंबईला गेले.”

“तो फिर बोला.” नरसय्या उठला. “मोठ्यानं बोला, ‘नरसय्या, परवान्याशिवाय कर.’ बस, एवढंच. ही सगळी माणसं ऐकायला बसलीत. शामतक छत घालून देतो.”

“म्हणा ना अहो!” कुसुमताई म्हणाल्या. “तीन शब्द तर आहेत!”

बाळकृष्णरावांनी घसा साफ केला.

“एक साल तुम्ही माझा परवाना अडवला,” नरसय्या म्हणाला. “त्या साली मी दुसऱ्या गुत्तेदाराकडे दगड वाहिले. माझ्या बायकोनंपण वाहिले, पोटुशी होती. तेव्हा मी हेच बोललो होतो, साब, एक महिना परवान्याशिवाय करू द्या. तुम्ही वर बघितलंपण नाही.”

बाळकृष्णरावांनी गर्डरांकडे पाहिलं. गर्डरांमधून आभाळ दिसत होतं, सारख्या पट्ट्यांचं, ओळंब्यातलं.

“आज मी म्हटलं,” ते सावकाश म्हणाले, “तर त्या साली तुला उगाचच दगड वाहायला लावले, असं होईल.”

“तेच ऐकायचंय मला.”

कुसुमताईंनी नवऱ्याची बाही धरली. बाळकृष्णरावांनी मान वर केली, नरसय्याच्या डोळ्यांत पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा ते वाक्य माणसाकडे बघून म्हटलं.

“परवान्याशिवाय काम नाही.”

नरसय्या थुंकला. मग त्यानं मजुरांना हातानंच जा म्हणून सांगितलं. कुसुमताई बाही सोडून चालू लागल्या. त्या दिवशी त्या घरापर्यंत चालत गेल्या आणि वाटेत एकदाही मागे वळल्या नाहीत.

एक तारखेला बघायला कोणीच आलं नाही. तसा कोणी माणूस नव्हताच. हिम्मतरावांचं स्वतःचं घर दुमजली होतं. त्यांना गुलबर्ग्याला पाठवलं. का, ते म्हैसूरलाही कळलं नाही.

औरंगाबादला निघायच्या दिवशी बाळकृष्णरावांनी काचीगुडा स्टेशनच्या वाटेवरून रिक्षा नल्लकुंट्याला वळवायला लावली. कुसुमताई ट्रंका धरून रिक्षातच बसून राहिल्या. दारासमोर नरसय्या आपलं बाकडं गाडीवर चढवत होता.

“परवाना मिळाला का?” बाळकृष्णरावांनी विचारलं.

“अर्ज दिलाय. नवा साब आलाय.”

“कसा आहे?”

“चांगला आहे,” नरसय्या म्हणाला. “वर बघून नाही म्हणतो.”

बाळकृष्णरावांनी खिशातून नवं पितळी कुलूप काढलं आणि दाराला लावलं.

“काइकू साब? वरून तो सगळं खुल्लं आहे.”

“दार तुम्ही परवाना असताना बसवलंय,” बाळकृष्णराव म्हणाले.

नरसय्या ‘तुम्ही’ ऐकून थबकला. बाळकृष्णरावांनी किल्ली फिरवली आणि कुलूप दोनदा ओढून पाहिलं. तोवर वरून दोन साळुंक्या घरात उतरल्या होत्या, आणि आत त्यांचं भांडण सुरू झालं होतं.