अस्वल दिसलंच पाहिजे

मी एक जुनं प्राणिसंग्रहालय आहे, मित्रांनो. पुठ्ठ्याचं. माझ्यात खरा प्राणी कधीच आला नाही, हे त्याचं नशीब.

तामसीजवळच्या एका शाळेत नववीतल्या दीक्षानं मला विज्ञान प्रदर्शनासाठी केलं. विज्ञानाच्या हर्षदीप सरांनी सांगितलं होतं, "संग्रहालय खोटं असलं तरी प्राणी खरा आहे असं समजून करा." दीक्षानं अस्वल घेतलं. मातीचं, अंगठ्याएवढं. त्याच्यासाठी तिनं वारुळं केली, सावलीत डबकं केलं आणि कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या काड्यांचं दाट झुडूप लावलं. माणसांचा कंटाळा आला की अस्वलानं त्यामागं जावं. त्या झुडपाचा मला फार अभिमान होता.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी हेडमास्तर चंपतराव मला बघायला आले.

"अस्वल कुठाय वं?"

"झुडपामागं झोपलं हाय, सर."

"पाहुणे येऊन राह्यले अन् हे झोपून राह्यलं? काऊन, रातपाळी करून आलं का?"

सगळे हसले.

"सर, त्याले लपाले जागा लागते."

"लपाचं असन तर जंगलात जा म्हणा त्याले!"

चंपतरावांनी झुडूप ओरबाडून काढलं आणि अस्वल समोरच्या जाळीला चिकटवलं, तोंड पाहुण्यांकडं. आमच्या शाळेत असंच चालतं. साहेब येणार म्हटलं की तापानं फणफणलेल्या पोरालासुद्धा पहिल्या बाकावर आणून बसवतात. हर्षदीप सर तिथंच उभे होते. पंख्याकडं बघत होते.

आदिलाबादला प्रदर्शनात परीक्षक बाईंनी मला चारी बाजूंनी पाहिलं. "बाळ, सगळं छान केलंस. पण याला लपायला जागा कुठं आहे?"

दीक्षानं तोंड उघडलं. पण त्याआधी चंपतराव बोलले, "सांगितलं होतं मॅडम हिले. पोरीच्या ध्यानातच राह्यलं नाही."

हर्षदीप सर इथंही पंख्याकडं बघू लागले. बाईंनी गुण कापले आणि त्या पुढं गेल्या.

परतताना बसमध्ये दीक्षानं मला मांडीवर धरलं. रडली नाही. यंदा प्रदर्शन जवळ आलं तेव्हा हर्षदीप सरांनी पुन्हा विचारलं, "दीक्षा, काय करतेस?" ती म्हणाली, "काही नाही, सर."

आता मी कपाटावर आहे. वारुळं झडली, पुठ्ठा उंदरांनी खाल्ला. मला जपा असं मी म्हणणार नाही. चुलीत घाला खुशाल. पण मित्रांनो, कुणी पोर आपल्या कामाशेजारी मान खाली घालून उभी दिसली, तर तिला विचारा, "हे असंच केलं होतंस का?" आणि कुणी मोठा माणूस मध्ये बोललाच, तर तोंडावर सांगा: तुम्हाला नाही विचारलं.