हद्दीतली खाट

आमचं उपनगर एवढंसं, की इथे शिंकलं तर शहरात ऐकू जावं. चहूबाजूंनी शहर आणि मध्ये आमच्या सहा गल्ल्या. पण सभा आमची, नियम आमचे. ज्याची खाट हद्दीच्या आत, तो इथला रहिवासी. दर वर्षी घरोघर खाटा पाहून यादी करायची, हे कचेरीतली कारकून म्हणून माझं काम. शेजारणीच्या भावाचं नाव मीच कापलं होतं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

यंदा पाळी माझ्याच घरावर आली. आमच्याकडे हद्द स्वयंपाकघराच्या दारातून जाते. स्वयंपाकघर आणि मागची खोली उपनगरात, हॉल शहरात. सासऱ्यांचं खुब्याचं हाड मोडलं, मागच्या खोलीच्या बोळातून चाकाची खुर्ची जाईना, म्हणून त्यांची खाट हॉलमध्ये आणली. या माणसानं तीस वर्षं इथली झाडं लावली, वाढवली.

"काप नाव," ते म्हणाले. "घरच्याला सूट दिलीस तर उद्या तुला कोण विचारेल?"

मी कापलं. नियम म्हणजे नियम, असा तोरा मिरवणारी मीच ना! दोन दिवस ते हसून बोलले. तिसऱ्या सकाळी हळूच म्हणाले, "सूनबाई, सभेत आता मी पाहुण्यांच्या बाकावर बसायचं का गं?"

नसता शहाणपणा माझा! स्वयंपाकघराचं दार चांगलं रुंद होतं आणि हे मला आत्ता सुचत होतं.

नवरा बोटीवर नोकरीला, म्हणून शेजारणीचंच दार वाजवलं. ती पदर खोचतच आली. आम्ही शेगडी, भांडी, डबे हॉलमध्ये हलवले आणि खाट उचलली.

"काका, हिला सांगा, पाय सांभाळ म्हणावं," शेजारीण म्हणाली.

"अगं, पण सुनेच्या स्वयंपाकघरात लोळू होय मी?"

"खुशाल लोळा, बाबा."

"म्हणजे माझा चहा आता रोज शहरातून येणार!"

शेजारीण फसकन हसली. मीही हसले.

ती गेल्यावर मी यादी घेऊन खाटेच्या कडेला बसले आणि त्यांचं नाव पुन्हा लिहायला घेतलं. डोळे भरून आले, ओळ तिरकी जायला लागली.

"अक्षर नीट काढ," ते म्हणाले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.