हुकावरचा भार

त्या सकाळी माझ्या नवऱ्याने पहिला फटका त्याच्या धाकट्या भावाला मारला. मी मशीनवर उंच बसले होते म्हणून वाचले. एरवी पहिला मान माझा असतो.

आमच्याकडे एक डबल केबिन पिकअप आहे, तिच्यामागे जोडायची चार चाकांची ट्रॉली आहे आणि एक छोटं पोकलेन आहे. पिकअप भावजी चालवतात. पोकलेन मी चालवते. पाया, नाली, टाकीचा खड्डा, काय म्हणाल ते खणते. नवरा मालक आहे. मालक म्हणजे फोनवर मोठमोठ्याने बोलायचं आणि कुणी उलट बोललं की चौदावं रत्न दाखवायचं. बाकी त्याला ना धड स्टिअरिंग धरता येत, ना मशीनचा दांडा.

डोंगरापलीकडचं काम होतं. मध्ये लांबलचक घाट. मी मशीन ट्रॉलीवर चढवलं आणि नेहमीसारखं एक्सलच्या थोडं पुढे आणून थांबवलं. पिकअपची मागची बाजू बसली. जास्तच बसली. पुढची चाकं जमिनीला नावापुरती टेकलेली, दिवे आभाळाकडे.

“मागे घे,” नवरा खालून ओरडला.

“नको वहिनी.” भावजी ट्रॉली जोडायच्या हुकापाशी वाकले होते. “दादा, बसतेय म्हणजे ओझं जास्त झालंय. ते कमी कर. डिझेलचं पिंप आणि तो दगड फोडायचा ब्रेकर दुसऱ्या खेपेला नेऊ.”

“साडेतीन टन ओढते ही. कंपनीने लिहून दिलंय.”

“लिहिणाऱ्याच्या गाडीत एकटा ड्रायव्हर असतो आणि हौदा रिकामा. आपण तिघं, पिंप, ब्रेकर, मशीनला लावायच्या दोन जादा बकेट, ते सगळं त्यातून वजा कर. आणि ट्रॉलीचं स्वतःचं वजन कुणी धरायचं, शेजाऱ्याने?”

मला हसू आलं. नवऱ्याने ते पाहिलं.

“नाक्यावरचा माणूस गाडीचं बूड बघतो,” तो म्हणाला. “बसलेलं दिसलं की बाजूला घेतो. मशीन मागे सरकवलं की बूड वर येईल. एवढी अक्कल नाही तुला?”

“वर येईल ना, तीच तर बोंब आहे. ट्रॉलीच्या एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी हुकावर बसला पाहिजे. नाहीतर उतारावर ट्रॉली डोलायला लागते. मग गाडी आपण चालवत नाही, ट्रॉली चालवते.”

“ओढतेय ना?”

“ओढायला काय, गाढवही ओढतं. उतारावर थांबवणार कोण? तुझा बाप?”

“माझा बाप?”

“आपला. तो तर दोघांचा एकच होता. आणि असाच होता.”

जॅकची दांडी नवऱ्याच्या हातात कधी आली ते मला दिसलं नाही. भावजींच्या तोंडावर बसली तेव्हा दिसली. ते गुडघ्यावर आले, हातात काहीतरी थुंकले, बघितलं. दात होता. नवऱ्याने त्यांना लाथेने आडवं केलं, मानेवर बूट ठेवला आणि वर माझ्याकडे बघितलं.

“मागे घेतेस, की दुसरा काढू?”

भावजींचा चेहरा जांभळा होत होता. कुणी म्हणेल, नाही घ्यायचं. म्हणणाऱ्याने एकदा असं उंच बसून खाली बघावं. मी मशीन मागे घेतलं. पार शेवटच्या फळीपर्यंत. पिकअपचं बूड वर आलं आणि गाडी अगदी शहाण्या पोरासारखी सरळ उभी राहिली.

“झालं की नाही?” नवरा म्हणाला आणि मानेवरचा बूट उचलला.

निघालो. भावजी स्टिअरिंगवर, तोंडात फडकं कोंबलेलं. नवरा त्यांच्या शेजारी, पट्टा न लावता, मांडीवर दांडी. मी मागच्या सीटवर, नवऱ्याच्या पाठीशी. नाक्यावरच्या माणसाने बूड पाहिलं, हात हलवला, जा म्हणाला. नवऱ्याने भावजींच्या कानशिलावर बोटाचं हाड आपटलं. लाडाने. त्याचा लाडही दुखतो.

चढ गाडी गुमान चढली. “कशी लोण्यासारखी चाललीय बघ,” नवरा म्हणत होता. “आणि हा शहाणा मला वजाबाकी शिकवतोय! ड्रायव्हर आहेस, ड्रायव्हरसारखा राहा.” प्रत्येक वळणाला एक टपली. आरशात भावजींचे डोळे दिसत होते. ते मागे ट्रॉलीकडे बघत होते, सारखे.

माथ्यावर त्यांनी गाडी हळू केली. फडकं काढलं. ओठ फाटला होता, शब्द चघळल्यासारखे येत होते. “दादा, इथे जागा आहे. नाका मागे पडला. आता कुणी बघत नाही. वहिनी मशीन हातभर पुढे घेतील, घडीभराचं काम आहे. पुढे सगळा उतार आहे.”

त्यात नवऱ्याचं काहीच जाणार नव्हतं. नाका गेला होता, पोलीस नव्हते, घाई नव्हती. पण धाकट्याचं ऐकलं असं झालं असतं. त्याने सुजलेल्या जबड्यावर उलट्या हाताची ठेवून दिली. “चल.”

“वहिनी, पट्टा लावा,” भावजी म्हणाले.

पहिली दोन वळणं नीट गेली. तिसऱ्यानंतर रस्ता सरळ खाली पडतो, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला लोखंडी कठडा आणि त्याच्यापलीकडे काही नाही. गाडीने वेग घेतला. मला आधी कमरेत कळलं. सीट डावीकडे सरकल्यासारखी झाली, मग उजवीकडे. मागे वळून बघितलं तर मशीन झुलत होतं. तीन टनाचं मशीन, आणि मान डोलावतंय. प्रत्येक झोल आधीच्यापेक्षा मोठा. ट्रॉली पिकअपचं बूड धरून फेकत होती, इकडून तिकडे, मांजर उंदराला फेकतं तशी.

भावजींनी पाय उचलला. ब्रेक दाबला नाही. डॅशबोर्डखाली ट्रॉलीच्या ब्रेकची वेगळी छोटी दांडी असते, तिच्याकडे हात नेला. एकट्या ट्रॉलीला मागून धरलं की ती ताणली जाते, सरळ होते. हे मला ठाऊक होतं, भावजींना ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नव्हतं त्याने त्या हातावर जॅकची दांडी घातली.

“पायाचा ब्रेक मार, भडव्या! पायाचा!”

“दादा, नको, लोटेल ती आपल्याला—”

नवरा त्यांच्या अंगावर पडला. एका हाताने स्टिअरिंग ओढतोय, दुसऱ्या हाताने मारतोय. मरायला निघालेला माणूसही त्याचं मारणं सोडेना. कठडा खिडकीपाशी आला, खरवडला, ठिणग्या उडाल्या, लांब गेला, पुन्हा आला.

मी पट्टा काढला. मागून त्याच्या गळ्याखाली हात घातला, दुसऱ्या हाताने स्वतःचंच मनगट पकडलं, दोन्ही गुडघे त्याच्या सीटच्या पाठीला लावले आणि ओढलं. दिवसभर दांडे ओढणारे हात आहेत माझे. तो सुटला स्टिअरिंगवरून. माझ्या हातावर त्याने नखं मारली, दंडाला चावला, मांसापर्यंत चावला. मी ओरडले. ओढत राहिले.

“भावजी! ट्रॉलीची दांडी!”

त्यांनी मोडलेल्या बोटांनी दांडी दाबली. सोडली. पुन्हा दाबली. मागे टायर किंचाळले. झोल लहान झाला. अजून लहान. मग गाडी एकदम ताणली गेली, कुणीतरी शेपूट धरून बसल्यासारखी. वळणाच्या आधी बाजूला खडीची मोकळी जागा होती, तिच्यात घुसून थांबली.

धूर. जळक्या रबराचा वास. इंजिन बंद झालं होतं. माझा हात तसाच होता.

“वहिनी, सोडा,” भावजी म्हणाले.

“का?”

“मरेल,” ते म्हणाले. माझा हात सोडवायला मात्र आले नाहीत.

मी सोडलं. दया आली म्हणून नाही, हात बधिर झाला म्हणून. नवरा दार उघडून खाली पडला आणि खडीवर ओकत राहिला.

आम्ही दोघं खाली उतरलो. भावजींनी चाकांना दगड लावले, एका हाताने मशीन बांधलेल्या साखळ्या सोडल्या. मी वर चढले, मशीन चालू केलं. पुढे घ्यायचं होतं. जिथे सकाळी होतं तिथे. खणायची बकेट उचलली आणि बघते तर नवरा ट्रॉलीवर चढतोय. डोळे लाल, गळ्यावर माझ्या हाताचा वळ, हातात तीच दांडी.

“खाली उतर! कुणाला विचारून घेतेस पुढे? कुणाला विचारून?”

आत्ताच मेला असता, आणि हेच विचारायचं होतं त्याला.

“बाजूला हो,” मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा एकेरीत.

दांडी माझ्या गुडघ्यावर बसली. डोळ्यांपुढे पांढरं झालं. त्याने पुन्हा उचलली, या वेळी डोक्याच्या नेमाने. मी मशीन फिरवलं. घाबरून नाही, चुकून नाही. नेम धरून. बकेट त्याच्या खांद्यात बसली, हाड मोडल्याचा आवाज मला इंजिनच्या वर ऐकू आला, आणि तो ट्रॉलीवरून उडून खडीवर पडला. दांडी कठड्यापलीकडे गेली. किती तरी वेळ खाली आपटत गेली.

मग मी मशीन पुढे घेतलं. सावकाश. पिकअपचं बूड बसलं, जेवढं बसायला हवं त्याहून जास्त. म्हणून पिंप आणि ब्रेकर आम्ही उतरवून डोंगराच्या कडेला ठेवले, भावजी एका हाताने आणि मी एका पायावर. नवरा पडल्या पडल्या दोघांच्या आया काढत होता. भावजींची आई आणि त्याची आई एकच, हे त्याच्या लक्षात राहिलं नसावं.

भावजींनी फोन काढला. एकशे बारा लावायच्या आधी माझ्याकडे बघितलं.

“घसरून पडला म्हणून सांगतो. चढताना पाय सटकला.”

“घसरून मी पडते,” मी म्हणाले. “दोन बरगड्या, एक मनगट, एका कानाचा पडदा. दर वेळी डॉक्टरला हेच सांगितलं, न्हाणीत घसरले. आमच्या न्हाणीइतकी निसरडी न्हाणी जगात नसेल. द्या इकडे.”

“वहिनी, तुम्हालाच आत टाकतील.”

“द्या.”

पलीकडे एक बाई होती. मी म्हणाले, घाटात माणूस जखमी आहे, खांदा मोडलाय, शुद्धीवर आहे. अजून एक आहे, त्याचा दात पडलाय आणि बोटं मोडलीत. ती म्हणाली, अपघात का? मी म्हणाले, अपघात होणार होता, तो आम्ही टाळला. हे वेगळं आहे. त्याला मी मारलंय. मी त्याची बायको.

पलीकडून कागद सरकवल्याचा आवाज आला.

“पूर्ण नाव सांगा.”

सांगितलं. माझं सांगितलं, आडनाव सांगितलं. मधलं त्याचं गाळलं.