मामाकडचं पिंप

बोईसरच्या जर्मनच्या क्लासात मॅडमनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, गिफ्ट. इंग्रजीत भेटवस्तू, हे शेंबडं पोरही सांगेल. जर्मनमध्ये मात्र विष. स्वीडिशमध्ये विष तर आहेच, वर लग्न झालेल्या माणसालाही तोच शब्द. वर्ग खो खो हसला. मॅडम म्हणाल्या, "मूळ एकच, देणं. वैद्य मात्रा देतो ना, तसं 'दिलेलं' काहीतरी होता होता विष झालं. नवरीच्या आंदणाला मात्र जर्मन लोक अजून मिटगिफ्टच म्हणतात."

वैभवी वही तिथेच टाकून वर्गाबाहेर धावली.

तिच्या ताईचं, दीपाचं, लग्न परवाच झालं होतं. त्यांच्यात नवरीला पाण्याचं भांडं मामा देतो. पूर्वी तांब्याचा हंडा असे. बळवंतमामाने दिलं तो कामाला होता त्या केमिकल कंपनीतून आणलेलं निळं पिंप. फुकट मिळालं तर हा माणूस हत्तीसुद्धा दारात बांधील. पिंपावर फाटकं लेबल होतं आणि त्यावर लाल अक्षरांत हाच शब्द. मामा ते खरवडायला बसला, तर वैभवीनेच अडवलं. "राहू दे मामा, कंपनीनंच आहेर लिहून दिलाय." जर्मनीला नर्स व्हायला निघालेली पोरगी म्हणते म्हटल्यावर पुढे कोण बोलणार?

आज मासवणला, सासरी, दीपाचं पहिलं पाणी होतं. मामाकडच्या भांड्यात नवरीने पाणी भरायचं आणि घरातल्या एकेकाला आपल्या हाताने द्यायचं. फोन लागेना. वैभवीने मैत्रिणीची स्कूटी घेतली आणि पालघर मागे टाकून मनोरच्या रस्त्याला लागली. ट्रकवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या, देवाला नाही नाही ते बोलली. ताईला काही झालं तर आईला तोंड कसं दाखवू, एवढंच डोक्यात घोळत होतं.

अंगणात दीपाच्या सासूबाई, नर्मदाबाई, पाटावर बसल्या होत्या. पेला ओठांपाशी गेलेला. वैभवीने धावत जाऊन तो उडवला आणि पिंप दोन्ही हातांनी कलंडवलं. अंगणभर पाणी झालं.

"पयलं पानी सांडलंस?" नर्मदाबाई आवाज न चढवता म्हणाल्या. "तुज्या ताईला आमी नांदवायची हाय का नाय?"

"मावशी, त्यावर विष लिहिलंय. जर्मन भाषेत."

"गिफ्ट लिवलंय," दीपाचा नवरा भाग्येश म्हणाला. "मला पन वाचता येतं."

"आधी कोण कोण प्यायलं ते सांगा भावोजी. मग काय हवं ते बोला मला."

कुणीच प्यायलं नव्हतं. पहिला पेला नर्मदाबाईंचाच होता.

तेवढ्यात दीपा हळूच म्हणाली, "मी चाखलंय गं. सासूबाईंना द्यायचं, पिंपाचा वास तर नाय ना लागत, म्हणून. अर्धा पेला."

नर्मदाबाईंचा राग कुठल्या कुठे गेला. सुनेचा हात घट्ट धरून त्या उठल्या. "भाग्येश, गाडी काढ."

वैभवीने लेबल नखांनी सोलून मुठीत घेतलं. दवाखान्यात कुणी ते वाचून हसू नये म्हणून गाडीत बसल्यापासून ती शब्द आणि अर्थ घोकत होती. दीपाने तिच्या खांद्यावर मान टाकली.

"वैभू," ती म्हणाली, "जीभ जड झालीय गं."