दाणा कोण चावणार?

लातूरच्या आमच्या डाळ मिलमध्ये वाळत घातलेली तूर भरडायला कधी घ्यायची, हे वीस वर्षं मी एकटा ठरवतो. दाणा दाढेखाली धरायचा. कट्कन तुटला तर तूर घ्यायची, चिवट लागला तर अजून ऊन द्यायचं. ओली घेतली की डाळीची चुरी होते आणि मिस्त्री म्हणून शिव्या मी खातो.

सोमवारी माझी दाढ काढली. मंगळवारी गाल टम्म सुजलेला, आवारभर तूर पसरलेली आणि मालकांची घाई.

"मल्लेश, चाव रे," मी म्हणालो. मल्लेश दहा वर्षं माझ्या हाताखाली मशीनवर आहे.

त्यानं चावला. "झाली, मिस्त्री."

माझी भुवई जराशी वर गेली असेल. "न्हाई न्हाई, कच्ची हाय," तो लगेच म्हणाला.

हमाल हरिओमनं आधी कच्ची म्हटलं. मी दाढेच्या कळेनं कण्हलो, तर म्हणाला, "तशी झालीच म्हणा."

माझं डोकंच चालेना. तूर एक, ऊन एक, आणि ही माणसं मिनिटामिनिटाला पलटतात! मुद्दाम करताहेत की काय? मग लक्षात आलं, दाण्याकडे कुणाचं ध्यानच नव्हतं. सगळे माझं तोंड बघत होते. ही सवय त्यांना कुणी लावली, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

राहिली वाळवण सांभाळणारी केवळाबाई. मी तिच्याकडे पाठ केली. "बाई, तुम्ही ठरवा. म्हणाल ते करू."

मागं तिनं दोन-तीन दाणे चावल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "आज न्हाई. उद्या दुपारपर्यंत ऊन लागंल."

मला तर तूर झालेली वाटत होती. का मालकांच्या घाईनं तसं वाटत होतं, कोण जाणे. बरं म्हणालो आणि घरी पोचेपर्यंत दहादा पस्तावलो.

बुधवारी दुपारी बाईनं मल्लेशला हाक मारली. "तू चाव."

त्यानं चावला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"माझ्याकडं काय बघून राहिला? दाणा काय म्हणतो ते सांग!"

मल्लेश गोंधळला. दुसरा दाणा घेतला, डोळे मिटून चावला. "झाली," म्हणाला.

"मग कर चालू मशीन."

डाळ सुरेख निघाली, चुरी नावालाच. सगळे खूश. बाईचं ते एवढंसं बोलणं मला वीस वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. त्याची लाज वाटावी, की एकट्यानं ठरवण्यातून सुटलो म्हणून बरं वाटावं, तेच मला कळेना.