थिजलेला चेहरा

समुपदेशक बाईंनी मागच्या कॉलनंतर तोंडावर सांगितलं होतं.

"मुलाला दर वेळी आईचा थिजलेला चेहरा दाखवायचा आणि मग त्याची समजूत घालत बसायचं, हे मला जमणार नाही. पुढचा कॉल असाच तुटला तर मी लिहीन की त्या घरात मुलाची साधी सोय होत नाही. मग पुढचं कोर्ट बघेल."

म्हणजे माझा टिंगू माझ्याकडे राहायला येणार की बापाकडेच राहणार, हे माझ्या भावाच्या घरातल्या वायफायवर येऊन ठेपलं होतं. मी नवऱ्याचा मार खाल्ला, पोलीस बघितले, वकील बघितले, आणि आता माझी लढाई फोनच्या पडद्यावर गरगर फिरणाऱ्या एका चक्राशी होती. हसायचं असेल तर हसा. मला हसू येत नव्हतं.

कोर्टाने आठवड्यातून एक व्हिडिओ कॉल ठरवून दिला होता; बाई तिकडे टिंगूजवळ बसून तो लावायच्या. त्याचं अ‍ॅप फोनवरच चालायचं, तेही नोंदवलेल्या नंबरवरच. दादाचं घर तळमजल्यावर, चहूबाजूंनी इमारती. मोबाईलचं नेटवर्क फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीला चिकटून उभं राहिलं तर यायचं, तेही बोलण्यापुरतं. एकदा मी जिना चढून गच्चीवर जाऊन कॉल घेतला होता. बाई म्हणाल्या, "मूल कुठे झोपणार, कुठे अभ्यास करणार, ते मला बघायचंय. मूल काय पाण्याच्या टाकीवर झोपणार आहे?" त्यांचंही चुकलं नव्हतं.

आज चारला कॉल होता. जेवणं झाल्यापासून मी त्या नेटच्या मागे लागले होते.

घरात दोन लॅपटॉप. एक दादाच्या ऑफिसचा, एक त्याचा स्वतःचा. दोन्ही सुसाट. दादा आतल्या खोलीत दार लावून दिवसभर मीटिंग करतो, पडद्यावर सहा-सात डोकी असतात आणि एकही अडखळत नाही. मी तक्रार केली की तो लॅपटॉप फिरवून दाखवायचा. "हे बघ. आहे की नाही नेट? मग?"

"मग फोनवर का नाही?"

"अगं, लॅपटॉपला अँटेना मोठा असतो. फोनला असतो नखाएवढा. तो किती ओढणार? हे विज्ञान आहे."

माझा दादा असं काही सांगतो तेव्हा त्याचा आवाज इतका शांत असतो की समोरच्याला आपणच बिनडोक आहोत असं वाटायला लागतं. मला लहानपणापासून वाटत आलंय. आज मात्र वाटून घ्यायला वेळ नव्हता.

फोन बंद करून चालू केला. नको ते सगळं काढून टाकलं, टिंगूचे जुने फोटो सोडून. तसंच. मग वाटलं, भिंती आड येत असतील. पॅसेजमध्ये चपलांच्या कपाटावर भिंतीला राउटर टांगलाय, त्याच्या बरोबर खाली स्टूल टाकून बसले. हात वर केला तर डब्याला लागेल इतक्या जवळ. चक्र फिरतंय आपलं. मग म्हटलं, दादाच्या मीटिंगा सगळं खात असतील. पण मघाशी जेवताना त्याचे दोन्ही लॅपटॉप मिटलेले होते, तेव्हाही माझा फोन असाच रखडत होता. मग राहिला माझा फोनच. जुना आहे, पडलेला आहे, कोपऱ्यात तडा आहे.

"वहिनी, तुझा फोन दे गं जरा."

वहिनीचा फोन माझ्यापेक्षा पुष्कळ नवा. दोन्ही फोन मांडीवर शेजारी ठेवले आणि एकच व्हिडिओ लावला. दोन्हीकडे चक्र. दोन्ही एकाच जागी थांबले, एकाच वेळी थोडे पुढे सरकले, परत थांबले. सख्ख्या बहिणी आजारी पडल्यासारखे.

"माझा असाच आहे," वहिनी म्हणाली. "आधीचाही असाच होता. हे म्हणाले, फोन जुना झालाय तुझा. म्हणून हा घेतला. तरी तसाच."

"मग बोलली नाहीस?"

"बोलले ना. मग म्हणाले, तुला वापरता येत नाही."

ती हे कपबशा पुसता पुसता बोलली, कुणा तिसऱ्याच बाईबद्दल बोलावं तशी. मागच्या वर्षी तिने हिशेबनिसाच्या कामाचा एक कोर्स घेतला होता, फोनवरून शिकायचा. शिकवणारा निम्म्या वाक्यात थांबायचा, परत बोलायला लागेपर्यंत बाकीचा वर्ग पुढे गेलेला असायचा. दोन महिन्यांत तिने सोडून दिला. घरात सगळ्यांना माहीत होतं की वहिनीच्या डोक्यात आकडे शिरत नाहीत. मलाही तेच माहीत होतं.

तेवढ्यात दादा कॉफीला बाहेर आला. मीटिंगला मध्ये सुट्टी होती. त्याने आपला फोन साखरेच्या बरणीला टेकवून उभा केला आणि मॅच लावली. बोट लावलं की लागलीच. चक्र नाही, थांबणं नाही. गोलकीपरच्या कपाळावरचा घाम दिसत होता.

मी त्या फोनकडे बघितलं. मग माझ्या मांडीवरच्या दोघांकडे.

वहिनीने कपबशी खाली ठेवली. "अहो," ती म्हणाली, "तुमच्या फोनला अँटेना केवढाय हो?"

दादा हसला नाही. "माझा फोन वेगळा आहे."

"वेगळा म्हणजे? माझा तर याच्यापेक्षा नवा आहे."

"मीटिंग आहे माझी," असं म्हणून त्याने कॉफी उचलली, फोन उचलला आणि दार लावून घेतलं. कडीसुद्धा घातली. आपल्याच घरात.

मी खिडकीला चिकटून नेटच्या कंपनीला फोन लावला. पलीकडे एक पोरगी होती, नाक चोंदलेलं, पण डोकं ठिकाणावर. सगळं ऐकून म्हणाली, "मॅडम, घरातले काही फोन फास्ट आणि काही स्लो असतील ना, तर राउटरमध्ये कुणीतरी तसं ठरवून ठेवलेलं असतं. कुणाला किती वेग द्यायचा ते. ज्याने पासवर्ड ठेवलाय त्यालाच ते काढता येतं."

"तो काढत नसेल तर?"

असले प्रश्न तिला रोज येत असावेत. "मग राउटरच्या मागे बारीक भोक असतं. टोकदार काहीतरी घालून दाबून धरायचं. सगळं पुसलं जातं. मग डब्याच्या बुडाला कागद चिकटवलाय, त्यावरच्या पासवर्डने नव्याने जोडायचं. पण तेवढा वेळ घरातलं सगळं नेट बंद राहील. आणि मॅडम, कधी कधी ते परत चालूच होत नाही. मग आम्हाला माणूस पाठवावा लागतो. आज नाही येणार, उद्या."

आधी विचारून बघू, म्हणून मी दादाचं दार वाजवलं. बऱ्याच वेळाने एका फटीइतकं उघडलं.

"दादा, आमचे फोन तू दाबून ठेवलेयस का?"

"आत्ता नको."

"चारला टिंगूचा कॉल आहे. एक तासभर सोड. मग परत दाब, माझं काही म्हणणं नाही."

"चारलाच माझी साहेबांबरोबर मीटिंग आहे. ती अडकली तर? नेट माझ्या पगारातून येतं. ज्याच्या कामावर घर चालतं त्याचं काम आधी. बाकीच्यांनी उरलेल्यात भागवायचं. साधी गोष्ट आहे."

"दादा, माझं पोर जाईल रे."

तो आवाज आणखी खाली आणून म्हणाला, "तू इथे राहतेयस. मी कधी काही बोललो? मग तेवढं पुरेसं नाही का?"

आणि फट बंद झाली.

बघा, शिवी दिली असती तर मी उलटी दिली असती. पण हे असं असतं. डोक्यावरचं छप्पर आपलं नाही, हे फक्त हळूच सांगायचं, की बाई गप्प होते. त्याला ते पक्कं ठाऊक होतं. डबा पुसला तर भाऊ मला घराबाहेर काढू शकत होता, आणि घरच नसेल तर टिंगू येणार कुठे? नाही पुसला तरी टिंगू जाणारच होता. वर ते परत चालूच झालं नाही, तर थिजलेला का होईना, जो चेहरा पोराला दिसायचा तोही दिसणार नव्हता.

चार वाजत आले होते. मी साडीची पिन काढून स्टुलावर चढले. डबा भिंतीवरून काढला. मागचं भोक सापडलं. आणि माझा हात चालेना. खरंच चालेना. पिनेचं टोक भोकाच्या आजूबाजूलाच लागत राहिलं.

"उतर," वहिनी म्हणाली.

"वहिनी, तो मला घरात ठेवणार नाही."

"तू दाबलंस तर ठेवणार नाही. मी दाबलं तर काय करतील? उतर खाली."

ती चढली. पिन घातली. ओठ घट्ट मिटून, गळू फोडावं तशी दाबून धरली. डब्यावरचे सगळे दिवे एकदम गेले.

आतून दादाचा आवाज आला. "हॅलो? सर? हॅलो, ऐकू येतंय का? हॅलो?" तोच शब्द, त्याच सुरात, जो मी आठवड्याला एकदा टिंगूच्या थिजलेल्या डोळ्यांकडे बघून ओरडत आले होते.

कडी निघाली. दादा लॅपटॉप हातात घेऊनच बाहेर आला.

"कुणी हात लावला?"

"मी," स्टुलावरून वहिनी म्हणाली.

"अगं मूर्ख, माझी सगळी सेटिंग गेली!"

"कुठली सेटिंग?"

दादा लॅपटॉपची बटणं दाबायला लागला.

"आमच्या फोनांना कमी द्यायची? मी कोर्स घेतला तेव्हापासूनची की त्याच्या आधीची?"

"तुम्ही बायका दिवसभर व्हिडिओ बघत बसता, मग माझं काम अडतं. घरात काही शिस्त नको?"

"माझा वर्ग व्हिडिओवरच होता," वहिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी रडायचे रात्री. तुम्ही शेजारी झोपायचात. म्हणालात, सोड, तुझ्याने नाही होणार."

एक दिवा लागला. मग दुसरा. तिसरा नारिंगी, नुसता उघडझाप करत होता. चार वाजून गेले.

"दे इकडे," दादाने हात पुढे केला. "आधी मी लॅपटॉप जोडतो. मग तुम्ही करा काय करायचं ते."

वहिनी उतरली नाही. तिने डब्याचं बूड स्वतःकडे वळवलं. पासवर्डचा कागद आता फक्त तिलाच दिसत होता.

तिसरा दिवा हिरवा झाला.

"वाच," दादा म्हणाला. "वाच मोठ्याने."

ती वाकली आणि माझ्या कानाशी तोंड आणून एकेक अक्षर, एकेक आकडा सांगत गेली. मी बोटं दाबत गेले. ताट घेऊन उभं राहावं तसा दादा उघडा लॅपटॉप घेऊन उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा नंबर मागे होता.

फोन वाजला. मी माझ्या खोलीत पळाले.

"किती वेळ फोन लावते आहे मी," समुपदेशक बाई चिडलेल्या होत्या. "ही शेवटची खेप होती." मग त्यांनी फोन टिंगूकडे दिला.

टिंगू नेहमीसारखा खाली बघत बसला होता. बघून उपयोग नसतो हे तो शिकला होता. मी म्हटलं, "टिंग्या." त्याने मान वर केली. मग नाक पडद्याला लावलं.

"आई, तू हलतेयस!"

"हो रे."

"हात वर कर." केला. "जीभ काढ." काढली. "आता गाल फुगव." कोर्टासाठी चाललेल्या कॉलवर मी गाल फुगवले. तो इतका हसला की मागून त्याची आजी डोकावून गेली.

बाईंनी खोली दाखवायला सांगितली. मी पलंग दाखवला, टेबल दाखवलं, दप्तर अडकवायचा खिळा दाखवला. आणि नेमका तेव्हा बाहेरून दादाचा आवाज आला. काहीतरी आपटलंही. नेट आता इतकं चांगलं होतं की पलीकडे प्रत्येक शब्द पोचला.

"कोण ओरडतंय?" बाईंनी विचारलं.

"माझा भाऊ." मी खोटं बोलले नाही. बोलून टिकलं नसतं.

"मूल आलं की असंच असेल का?"

मी काही बोलायच्या आत टिंगूनेच बारीक तोंड करून विचारलं, "मामा माझ्यावर पण ओरडेल?"

दार उघडंच राहिलं होतं. बाहेर सगळं ऐकू गेलं. वहिनी दारात आली, माझ्या हातातला फोन घेतला आणि पॅसेजमध्ये नवऱ्यासमोर धरला.

"विचारतोय तो. तुम्हीच सांगा."

दादाचे कान लाल झाले होते. तो पुटपुटला, "नाही रे."

"ऐकू आलं नाही," बाई म्हणाल्या. "नीट सांगा. मला लिहायचंय."

"नाही ओरडणार," दादा म्हणाला. माझ्या दादाला एकच गोष्ट दोनदा सांगायला लावलेली मी कधी बघितली नव्हती.

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "पुढचा कॉल नको. शनिवारी मी त्याला घेऊन येते, दिवसभरासाठी. घर डोळ्यांनी बघते, आणि माणसंही. आज बोलून घ्या तुम्ही."

मी पलंगावर बसले. टिंगू पडलेल्या दाताबद्दल सांगायला लागला, तोंड उघडून खड्डा दाखवायला लागला, आणि मध्ये एकदाही थांबला नाही.

पॅसेजमध्ये दादा दबक्या आवाजात म्हणाला, "आता तरी सांग पासवर्ड. साहेब वाट बघतायत."

"थांबा जरा," वहिनी म्हणाली. "त्याचं बोलून होऊ दे."