मापाचं माणूस

भैयाजींच्या कॅमेऱ्याच्या पिशवीत एक लाल ओढणी असायची. तिला साबणाचं तोंड माहीत नव्हतं. भैयाजी तिनं लेन्सचं झाकण पुसत, मानेचा घाम पुसत आणि तंबाखूचा खर्रा थुंकून आले की मिशाही पुसत. मग तीच ओढणी सोनिकाच्या अंगावर टाकून म्हणत, "घे वं, ओढ. जाऊन उभी राह्य त्या टोकावर."

कशाला, तर मापाला. भैयाजी म्हणजे नागपुरातल्या एका छायाचित्र मंडळाचे सर्वेसर्वा. दर रविवारी चार-सहा जणांना घेऊन रानोमाळ हिंडायचे आणि एकच पाठ घोकून घ्यायचे. डोंगर असो, तलाव असो, फोटोत माणूस नसेल तर बघणाऱ्याला मोठेपणा कळत नाही. म्हणून लांबवर एक माणूस पाहिजे. बारीक, पाठमोरा, लाल कपड्यातला. कोणीही कसलाही फोटो दाखवो, भैयाजींचा इलाज ठरलेला. तापालाही तीच गोळी अन् खरजेलाही तीच.

सोनिका कामठीची. नागपुरात महाल भागातल्या एका चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या डोळ्यांचा नंबर काढायची आणि रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून मंडळाबरोबर निघायची. उंची बेताचीच. टाचा उंचावल्या तरी चारचौघांच्या खांद्याला लागत नव्हती. भैयाजी दर शनिवारी आठवणीनं फोन करतात, म्हणजे आपले फोटो त्यांना आवडत असणार, असं ती धरून चालली होती. खुळी पोरगी.

एकदा चहाच्या टपरीवर भैयाजींचा उजवा हात दुर्गेश बोलून गेला, "तू आली का बरं असते वं. तू उभी राहिली का टेकडीचा पहाड होऊन जाते. मी उभा राहिलो तर पहाडाची टेकडी." सगळे खो खो हसले. सोनिकाही हसली आणि उरलेला चहा तिनं गुपचूप मातीत ओतला.

मग लाथ मारून निघून का नाही गेली? तर प्रदर्शन. वर्षातून एकदा मंडळ हॉल भाड्यानं घ्यायचं, भिंतींवर मोठाले फोटो लागायचे आणि प्रत्येकाखाली काढणाऱ्याचं नाव. कोणाचा लागेल, कोणाचा नाही, ते भैयाजींच्या हातात. आपलं नाव एकदा त्या भिंतीवर बघायचं, एवढ्या एका हौसेपायी ती असली घाणेरडी ओढणी डोक्यावर घेत होती.

आणि लावण्यासारखा एक फोटो तिच्याजवळ होताही. शहराबाहेर वाडी गावाच्या पलीकडे, ट्रकांच्या गोदामांमागे, एक बंद पडलेली दगडाची खदान आहे. थंडीतल्या एका सकाळी ती एकटीच तिथं गेली, तर खदान धुक्यानं काठोकाठ भरलेली. वर तेवढा कापलेल्या खडकाचा काठ दिसत होता. हे विवर आहे की कोणी अंगणात ठेवलेली दुधाची वाटी, काही म्हणता काही कळत नव्हतं. तिनं तसाच फोटो काढला आणि स्वतःवरच खूश होऊन घरी आली.

भैयाजींनी तो मोबाइलवर पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "मस्त आहे. पण यात माणूस काहून नाही?"

"नाहीच पाहिजे, जी. मोठं आहे का लहान, हेच कळलं नाही पाहिजे."

"मंग लोकं पाहतीन काय? पाठवून ठेव मले. पाहतो मी."

पुढच्या रविवारी भैयाजींनी अख्खं मंडळ त्याच खदानीवर नेलं. जागा कोणी शोधली, याचं नावसुद्धा कोणी काढलं नाही. सोनिकानं कॅमेरा काढायच्या आत ओढणी अंगावर आली. "काठावर जा. अजून मागं. अजून थोडी." ती पाठमोरी सरकत गेली आणि पाय कशात तरी पचकन रुतला. गोदामावरचे ट्रकवाले सकाळी तिथंच परसाकडे बसायला येत. घाण चपलेतून वर आली, बोटांच्या बेचक्यांत शिरली. तिनं पाय उचलायला घेतला.

"हालू नको वं," दुर्गेश मागून ओरडला, "उजेड बदलून राहिला."

आणि ती हलली नाही. माणसांच्या घाणीत पाय, डोक्यावर थुंकीचा वास मारणारी ओढणी, आणि बाई आपली पुतळ्यासारखी उभी. घरी येऊन तिनं पाय तीनदा घासले. वास गेला, पण आपण हललो नाही याची शिसारी काही जाईना.

दोन आठवड्यांनी भैयाजींचा फोन आला, "लागला वं तुया फोटो. आईले घेऊन ये." झालं, पोरगी सगळी किळस विसरली. आई प्रेमिलाबाईंनी ठेवणीतली साडी काढली आणि दोघी कामठीहून ऑटोत दाटीवाटीनं बसून आल्या.

हॉलमध्ये शिरताच पहिल्या फोटोत टेकडी, अन् टेकडीवर लाल ठिपका. दुसऱ्यात तलाव, अन् काठावर लाल ठिपका. "हे तर तूच वं," प्रेमिलाबाई हरखून म्हणाल्या. "अन् हेबी तूच." खाली नावं मात्र दुर्गेश, रजत, भैयाजी. सोनिका आईला ओढतच पुढं घेऊन गेली. शेवटच्या भिंतीवर तिची खदान होती. खाली तिचं नाव, ठळक अक्षरात. प्रेमिलाबाईंनी त्या नावावरून बोट फिरवलं.

सोनिकाचं लक्ष वर होतं. धुक्याच्या काठावर, खडकावर, एक लाल बाई पाठमोरी उभी होती. पाय जरासे फाकलेले, एक खांदा चोरलेला. त्या रविवारच्या फोटोतून तिला कापून इथं आणून चिकटवलं होतं. आता धुकं वाटीतलं दूध राहिलं नव्हतं. ते किती खोल, किती रुंद, सगळं एका नजरेत मोजता येत होतं.

शेजारी एक वयस्क गृहस्थ येऊन थांबले. "वा, सुंदर. कोणी काढला हा?"

"मी," सोनिका म्हणाली.

"माही पोरगी आहे," प्रेमिलाबाई कौतुकानं म्हणाल्या. "फोटोत उभी आहे थेबी हेच."

गृहस्थांनी फोटोकडे पाहिलं, सोनिकाकडे पाहिलं आणि समजुतीनं हसले. "अच्छा, तुम्ही फोटोतल्या होय? मी काढणाऱ्याबद्दल विचारत होतो." आणि ते पुढच्या फोटोकडे गेले.

तेवढ्यात भैयाजी आले, गालात खर्रा धरून. "पाहिलं? कसा सुधरवला? आता जान आली त्यात."

"मले विचारलं काहून नाही?"

"त्यात काय विचारायचं? तुलेच तर टाकलं. बाहेरच्या कोणाले टाकलं का?" तिच्या पाठीवर थोपटून त्यांनी हात तिथंच ठेवला.

सोनिका तशीच वाकून त्या हाताखालून निसटली. टाचा उंचावूनही हात पुरेना, तेव्हा कोपऱ्यातली खुर्ची ओढून तिच्यावर चढली आणि फोटो खिळ्यावरून उतरवला. मग खाली बसून चौकटीवर चिकटवलेली आपल्या नावाची पट्टी नखानं खरवडायला लागली. डिंक चिवट होता. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते नाव तुकड्या-तुकड्यानं निघत होतं, आणि प्रेमिलाबाई पदर तोंडाला लावून पाहत होत्या.

"अवं, काय करून राहिली? पाहुणे येऊन राहिले," भैयाजी दबक्या आवाजात म्हणाले. "भिंतीवर केवढी जागा खाली दिसते."

"केवढी ते लोकाईले कळलं पाहिजे न," सोनिका म्हणाली. "उभे राहा तुमी तिथं. पाठमोरे."